आप्पाच्या वहीतला शेवटचा रकाना

हवालदार आप्पाच्या घरी चहा प्यायचा असल तर आधी काट्यावर उभं राहावं लागतंय. तुमी कुणी बी असा. लग्नाची पत्रिका द्यायला आलेले असा का लाईटीचं बिल द्यायला, आप्पा दारातच हात आडवा करतात, पायरीजवळच्या वजनकाट्याकडं बोट दाखवतात आन् मनतात, "रुको. पहले नोंद." मंग चप्पल काढायची, मोबाईल, चाव्या, तंबाखूची डबी सगळं तिथल्या पितळी ताटात ठेवायचं, आन् काट्यावर चढायचं. आप्पा गुडघ्यावर हात टेकून वाकतात, आकडा बगतात, वहीत लिवतात, आन् मंगच आत जाऊन चुलीवर आधण ठेवतात.

एकदा त्यांच्या पुतण्याच्या पोरीला बगायला पाव्हणे आले होते. नवरदेव, त्याचा बाप, मामा आन् एक मधला माणूस. आप्पानं चौघाला बी रांगंत उभं केलं. नवरदेवाच्या बापाचं वजन बगून त्यांनी लगेच बीपीचा पट्टा काढला, त्याच्या दंडाला बांधला, फुस्स फुस्स हवा भरली आन् मनले, सोयरीक मागून बगू, आधी तुमी परभणीच्या दवाखान्यात जाऊन या. तो माणूस लालबुंद झाला. चहा न पिता निघून गेला. पोरीच्या आईनं कपाळाला हात लावला. आन् पंधरा दिसानं तोच माणूस पेढ्याचा पुडा घेऊन आला, मनला, डॉक्टर बोलले, येळंवर आलात. सोयरीक जमली. लग्नात आप्पाला नवरदेवाच्या बापानं सोताच्या बाजूला बसवून घेतलं, आन् पंगतीत गुलाबजामुन वाढायला आला की तो आधी आप्पाच्या तोंडाकडं बगायचा.

त्यांचं खरं नाव बसलिंगआप्पा. आमचं गाव पोखर्णीच्या अलीकडं, गावात सगळे त्यांना हवालदार आप्पाच मनतात. गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, आन् खाली फौजेतली खाकी हाफ पँट. भेटलं की आधी "शरणार्थ" मनतात आन् त्याच दमात "जयहिंद". फौजेत अठ्ठावीस वर्सं होते. गावातली पोरं इचारायची, आप्पा, किती दुश्मन मारले? आप्पा मनायचे, एक बी न्हाई, कार्डं मात्र लय लिवली. कारण ते फौजेच्या दवाखान्यात नोंदीचे कारकून होते. कोण आलं, कवा आलं, काय दुखतंय, काय दिलं, सगळं त्यांनी लिवायचं. ते मनतात, तिथं मोठ्या साहेबाचं लेकरू आन् शिपायाचं लेकरू, दोघाला एकच कार्ड, एकच रांग, एकच कडू औषध.

घरी आल्यावर त्यांना करमंना. बायकू न्हाई, लेकरू न्हाई. मंग त्यांनी गावालाच कार्डावर घेतलं. एक काटा मोठ्या माणसाचा, एक झोळीचा लेकरांचा, तो पत्र्याच्या शेडच्या लोखंडी अँगलला टांगलेला. आन् काळी फौजी पेटी, तिच्यात वह्याच वह्या.

आप्पाचा सगळ्यात मोठा राग कशावर असल तर "चार-आठ दिस" ह्या बोलण्यावर. आपण मनतो ना, चार-आठ दिस झाले बगा खोकला यायलाय. आप्पा पेन थांबवून इचारतात, "चार का आठ?" आता कोण मोजतंय? पण ते सोडत न्हाईत. मंग माणूस आठवत बसतो, बाजार कवा होता, एकादस कवा होती, पाव्हणे कवा आले, आन् शेवटी निघतात सतरा दिस.

त्यांच्या वहीत नाव, वय, वजन, काय दुखतंय, कवापासून, दवाखान्यात कवा गेला, असे रकाने हायत. ते सगळीकडंच असतात मनं. पण शेवटी एक रकाना आप्पानं सोताच्या डोक्यानं काढलाय. त्याच्यावर लाल पेनानं लिवलंय, "उशीर का?" आन् माणूस काय सांगतो ते जसंच्या तसं लिवायचं. मी एकदा वाचलं आन् हसून हसून माजं पोट दुखलं. एकाचा पाय सुजला होता, बारा दिसानं दवाखान्यात गेला, उशीर का, तर मेव्हण्याच्या लग्नात नवे बूट घालायचे होते. गयाबाईची दाढ ठणकायली होती, महिना काढला, उशीर का, तर सुनेला आनंद होईल मनून सांगलं न्हाई. गावातल्या एका पुढाऱ्याला ताप, उशीर का, तर नव्या उपकेंद्राची फीत कापायची राहिली होती, त्याच्या आधी आत कसं जायचं.

हे सगळं मी हसत सांगायलेय, पण त्याच रकान्यात माजं बी नाव हाय. ते सांगते.

माजी परी साडेसात महिन्यालाच झाली. माहेरी वालूरला होते तवा कळा आल्या. एवढीशी, हातात घेतली की हातच मोठा दिसायचा. सिस्टरनं काट्यावर ठेवलं, आकडा बोलल्या, आन् तिथं उभ्या होत्या त्या सगळ्या बायांची तोंडं उतरली. माजी आई, माजी भावजय, सगळ्या माज्याकडं बगायल्या. तवापासून काटा दिसला की मी दुसऱ्या बाजूनं जायचे. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला आकडे वाचता येतेत, तेच वाईट झालं. न वाचता आले असते तर बरं झालं असतं, असं वाटायचं.

अडीच महिन्याची परी घेऊन मी सासरी आले. आप्पाची दर ऐतवारी सकाळी लेकरांची परेड असती. शिट्टी वाजवतात. सगळ्या माया लेकरं घेऊन शेडखाली जमतेत. मी गेले न्हाई. तर आप्पाच दारात, वही काखंत. "सूनबाई, परी की हाजिरी?"

आमच्या आत्याबाई, मंजी माज्या सासूबाई, मनल्या, लेकराला जोखू नये, नजर लागती. आप्पा मनले, काशाबाई, नजर लागती का न्हाई ते बी लिवून ठेवू. आत्याबाई मनल्या, जा बाई, न्हाईतर हे काटाच घरात आणतील.

पहिल्या ऐतवारी तीन किलोला थोडी कमीच भरली. आप्पानं नुस्तं लिवलं आन् मनले, पुढच्या ऐतवारी ह्याच्यापेक्षा जादा पायजे. आता पुढच्या ऐतवारी जादा कुटून आणायचं? मला झोप न्हाई, जेवण न्हाई. बाया बगतील, आत्याबाई बगतील, हे बगतील. हे मंजी माजे मालक, टेम्पो चालवतेत. लय गरीब माणूस, कवा बोलले न्हाईत, पण ते गप बसले की मला जास्तच भ्या वाटायचं.

तेवढ्यात आत्याबाईनं परीला चांदीचा करदोडा घातला, आन् आप्पाला बजावलं, पोखर्णीच्या नरसिंहाला नेऊन आणूस्तर अंगावरचं काढायचं न्हाई. आप्पा मोठ्या बाईमाणसाचा मान ठेवतात, ते हो मनले. त्या ऐतवारी वजन वाढलं. आप्पा मनले, शाबाश. मला एवढं बरं वाटलं, एवढं बरं वाटलं, काय सांगू. मंग पुढच्या ऐतवारी मीच तिला वाळे घातले. पुन्ना शाबाश. त्याच्या पुढच्या ऐतवारी माजे सोताचेच पैंजण झबल्याच्या आत करदोड्याला अडकवले. मला ठाऊक होतं की मी काय करायले, पण आप्पा शाबाश मनले की मलाच खरं वाटायचं की पोरगी भरायलीय. घरी येऊन मी गाणं मनायचे.

पाचव्या ऐतवारी परी मलूल होती. जुलाब लागले होते. मी कुणाला सांगलं न्हाई. आप्पानं तिला माज्या हातातून घेतलं आन् झोळीत ठेवायला उचललं, तर झबल्यातून पैंजण सुटला आन् खालच्या फरशीवर खणकन् पडला. बाया हसल्या. मंग आप्पाचं तोंड बगून गप झाल्या.

आप्पा माज्यावर वरडले न्हाईत. खांद्यावरचा टॉवेल अंथरला. वाळे काढले, करदोडा काढला, ताईत काढला, दुसरा पैंजण काढला, सगळं त्या झोळीत घातलं आन् नुसती चांदी जोखली. मंग नुसतं लेकरू जोखलं. वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. तिच्या पोटाची कातडी दोन बोटात धरून सोडली, तर ती लवकर बसंना.

"लेकरू वाढलं न्हाई, सूनबाई. चांदी वाढली. चल, परभणी."

ह्यांचा टेम्पो दारातच होता. आप्पा तसेच हाफ पँटीवर पुढं बसले, वही मांडीवर. मी परीला पोटाशी धरून रडायले. आप्पानं रस्त्याकडं बगतच इचारलं, जुलाब कवापासून? मी मनलं, झाले की चार-आठ दिस. ते मनले, "चार का आठ?" आन् मी जलमात पहिल्यांदा मोजलं. मनलं, सा दिस. ते मनले, शाबाश. आन् ही शाबाश खरी होती.

दवाखान्यात सा दिस ठेवलं. डॉक्टरीण बाई मनल्या, अजून दोन दिस थांबला असता तर अवघड होतं. आप्पा रोज पहिल्या बसनं यायचे, बाहेरच्या बाकड्यावर बसायचे. दुसऱ्या दिशी दारावरच्या माणसानं हटकलं, आजोबा, इथं बसायचं न्हाई. तिसऱ्या दिशी आप्पानं दवाखान्याच्याच काट्यावर त्याचं वजन केलं. चौथ्या दिशी तो माणूस आप्पासाठी खुर्ची घेऊन आला आन् मनला, माज्या बायकूला बी उद्या आणतो. वार्डातल्या माया हसायच्या, मनायच्या, तुमचे आजोबा लय भारी हायत बाई. मी सांगितलंच न्हाई की ते आमचे कुणीच न्हाईत.

परी घरी आली. पहिल्याच ऐतवारी आप्पानं वही काढली आन् शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "उशीर कामून?"

मी मनलं, आप्पा, पाया पडते, हे लिवू नका. ते मनले, लिवणार. फौजेत खोडत न्हाईत आन् लपवत न्हाईत. चूक झाली तर वरून एकच रेघ मारायची, खालचं दिसलं पायजे, आन् शेजारी सही. मंग त्यांनी माज्या तीन ऐतवारच्या खोट्या वजनावर लाल रेघ मारली, सही केली, आन् शेजारी लिवलं, "चांदीसकट." आन् शेवटच्या रकान्यात मी सांगलं ते लिवलं. आईला काट्याचं भ्या वाटलं.

आता परी अकरा महिन्याची हाय. आप्पाच्या वह्या फाडायला बसती. ते असू द्या, पण परवाची गोष्ट ऐका.

आप्पाच्या दारात पांढरी गाडी थांबली. एक मॅडम उतरल्या, तरण्याच होत्या, पाठीला बॅग. इचारायल्या, फौजेतले हवालदार इथंच राहतेत का, परभणीच्या दवाखान्यात ऐकलं, त्यांच्या वह्या बगायच्यात. मी समोरच्या ओट्यावर डाळ निवडायले होते, सूप तिथंच टाकलं आन् परीला घेऊन कापसाच्या गंजीमागं जाऊन बसले. मला वाटलं झालं, खोटं वजन सरकारला कळलं, आता मला धरून नेतेत. माजी पोरगी माज्याजवळ ठेवतील का न्हाई, एवढंच डोक्यात.

गंजीमागून सगळं ऐकू यायलं. आधी मॅडमचं वजन झालं. मंग आप्पानं परवानगीचं पत्र मागितलं. तीनदा वाचलं, उन्हाला धरून शिक्का बगितला. गावाची माहिती हाय, मनले, अशी कुणाला बी देत नसतेत.

मॅडमनं सांगितलं की त्या अभ्यास करायल्यात. रिटायर झालेल्या फौजी लोकांच्या आन् त्यांच्या घरच्यांच्या दवाखान्याच्या जुन्या नोंदी त्यांना परवानगीनं भेटल्यात. फौजेत इलाज सगळ्याला सारखा आन् फुकट. मंग उद्या सगळ्या देशाला तसंच द्यायचं ठरलं तर काय होईल, कुटं अडंल, ते ह्या नोंदीतून आधीच बगता येतं. मनून त्या गावोगाव फौजी लोकांला भेटायल्यात. नोंदीतून नावं काढून टाकलीत, मनल्या, नुस्तं वय, आजार, तारखा.

"नाव काढलं? मंग माणूस कुटं गेला?" आप्पा मनले.

मॅडम हसल्या, मनल्या, तीच अडचण हाय काका. दुखणं सुरू झाल्याची तारीख हाय, दवाखान्यात आल्याची तारीख हाय. इलाज फुकट हाय, तरी काही लोक लय उशिरा येतेत. कामून, ते कॉम्प्युटरमदी कुटंच न्हाई.

आप्पा उठले. पेटी उघडल्याचा आवाज आला. "रकाना पायजे ना?" मनले, "घ्या."

मंग बराच येळ नुसतं पानं उलटल्याचा आवाज, आन् मदी मदी मॅडमचं हसू. बूट वाचले असतील, गयाबाईची दाढ वाचली असल. आन् एकदम मॅडमनं इचारलं, काका, हे चांदीसकट मंजी काय?

मी परीच्या तोंडावर पदर धरला. आप्पानं हाक मारली, "सूनबाई, गंजीमागून बाहेर ये, मुंग्या चावतील." त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

मी पदर सावरत गेले. परी त्या मॅडमच्या बॅगंकडं झेपावायली. आप्पानं चांदीची सगळी गोष्ट सांगितली. मॅडमनं मला बाजूला बसवलं आन् इचारलं, दवाखाना फुकट होता, घरचा टेम्पो दारात होता, मंग भ्या कशाचं वाटलं? मला वाटलं रडू येईल, पण बोलणंच आलं.

"आकड्याचं," मी मनलं. "आकडा कमी आला की सगळे माज्याकडं बगायचे. परीकडं कुणीच बगत नव्हतं."

मॅडमनं पेन उघडलं. मंग त्यांनी ते शब्दाला शब्द लिवून घेतलं. मनल्या, ताई, मी हे दिल्लीतल्या मोठ्या बैठकीत वाचून दाखवणार हाय. आप्पाची छाती अशी फुगली, जशी त्यांनाच पदक भेटलं. मनले, बगितलंस का, तुजं कारण दिल्लीला चाललंय. मी मनलं, नाव काढून ना? मॅडम एवढ्या हसल्या की परी बी हसायली, कशाला ते तिला कळलं न्हाई.

आप्पा चहा ठेवायला आत गेले. मॅडम मनल्या, सगळ्यात जुनी वही बगू का? मी पेटीत हात घातला. तळाला एक हिरव्या कापडाची वही होती, बाकीच्यापेक्षा बारकी. उघडली. पहिल्या पानावर एकच ओळ, पुढची सगळी पानं कोरी. मी बोट ठेवून ठेवून वाचलं. पार्वती बसलिंगआप्पा. वय बावीस. ताप. नऊ दिस. आन् शेवटच्या रकान्यात, तेच लाल पेन, आता विटलेलं. "कार्ड न्हाई मनून ती दवाखान्यात गेली न्हाई. सगळ्यांची कार्डं मी लिवतो. तिचं उद्या लिवणार होतो."

मॅडमनं बी वाचलं. फोटो काढायला मोबाईल हातात होता, तो त्यांनी खाली ठेवला. मी वही होती तशी तळाला ठेवली, वर बाकीच्या रचल्या.

आप्पा चहा घेऊन आले. मनले, सगळ्या वह्यांचे फोटो काढा, नावं झाकून. हिरवी मात्र न्हाई. ती गावाची न्हाई, घरची हाय. मॅडम नुस्तं हो मनल्या.

गाडी गेली. आप्पा लय खुशीत होते, परीला मांडीवर घेऊन तिला सलाम शिकवायले. मी वह्या पेटीत भरायचं सोडून एक एक वही चाळायले. गयाबाई हाय, मी हाय, परी हाय, दवाखान्याच्या दारावरचा माणूस हाय, नवरदेवाचा बाप हाय. लाईटबिलवाला सुद्दा हाय. एक नाव सापडंना.

मी इचारलं, आप्पा, तुमची नोंद कोणत्या वहीत हाय? ते हसले, मनले, मी लिवणारा हाय, माजी कशाला?

मी उठले. पदर खोचला. दारातल्या काट्याकडं बोट दाखवलं आन् मनलं, "रुको. पहले नोंद."

आप्पा उठले. मंग परीला माज्या कडंवर दिलं, खिशातलं पेन काढलं, चष्मा काढला, शिट्टी काढली, सगळं पितळी ताटात ठेवलं आन् काट्यावर ताठ उभे राहिले. मी वाकून आकडा बगितला. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा आकडा एवढासा. बीपीचा पट्टा कसा बांधायचा ते दवाखान्यात रोज बगून मला आलं होतं, तो बांधला. ते बी बरं न्हवतं. मी कायच तोंडावर दिसू दिलं न्हाई. कसं दिसू द्यायचं नसतं, ते माज्यापेक्षा कुणाला ठाऊक.

मी इचारलं, तुमी सोता दवाखान्यात शेवटचं कवा दाखवलं?

"झाले की चार-आठ..." आप्पा बोलता बोलता थांबले.

"चार का आठ?"

"वर्सं," ते मनले. आन् दोघं बी हसलो, परीनं ताटातली शिट्टी घेऊन तोंडात घातली. हे उद्या टेम्पो घेऊन परभणीलाच जायलेत, मी मनलं, तुमी पुढं बसायचं. ते मुकाट हो मनले.

मंग मी त्यांचंच पेन घेतलं. नाव लिवलं, वय लिवलं, वजन लिवलं. माजं अक्षर वाकडं हाय, पण लिवलं. शेवटच्या रकान्यावर आले आन् वर बगितलं.

"आप्पा, उशीर कामून?"

आप्पानं परीच्या पायाला हात लावला. तिचे पाय आता गुबगुबीत झालेत, वाळे बसतच न्हाईत.

"कुणी इचारलं न्हाई, बेटा," ते मनले.

मी जसंच्या तसं लिवलं. खाली सही केली. मंग आत जाऊन आधण ठेवलं.